दाम, डॅम आणि डांबिस

माळव्यातील मराठी घरांत एक शब्द असा आहे की, तो कितीही रागावून उच्चारला तरी ज्याला उद्देशून उच्चारला तो मनातून सुखावतो. फडताळातील लाडवांचा डबा दुपारच्या वेळी हलका झालेला आढळतो, नातवंडांपैकी एकाच्या मिशीच्या जागी बेसन दिसते, आणि आजी म्हणते, “मोठा डांबिस आहे हो हा!” शेजारची हिंदीभाषक बाई या शब्दाचा अर्थ विचारते तेव्हा आमची पंचाईत होते. ‘बदमाश’ म्हणावे तर त्यात गुन्ह्याची छटा येते. ‘शैतान’ म्हणावे तर त्यात नुसता दंगा येतो. ‘नटखट’ म्हणजे तर थेट बाळकृष्णच. डांबिस माणसाला अक्कल असावी लागते. मूर्ख मनुष्य लबाड होऊ शकतो, पण डांबिस होऊ शकत नाही. धारेच्या आणि देवासच्या आमच्या घरांतून मराठी जसजशी स्वयंपाकघराच्या उंबऱ्याआड सरकली तसतसे पुष्कळ शब्द हिंदीला वाट देऊन बसले. हा मात्र अद्याप उठावयास तयार नाही, कारण त्याच्या जागी बसविण्यास दुसरा कोणी मिळत नाही.

हा शब्द इंग्रजी शिवीपासून आला असे मराठीत सर्वदूर सांगितले जाते. गोरा साहेब चिडला की ‘डॅम्ड बीस्ट’ म्हणे, म्हणजे ‘नरकात जाण्यास पात्र असे जनावर’. आपल्या शिपायांनी आणि चाकरांनी ते ऐकले, आपल्या जिभेच्या सोयीने वळविले आणि त्याचा ‘डांबिस’ झाला. व्युत्पत्ती गोड आहे. छावणीत असे शब्द घडत असत, यात शंका नाही. पहारेकऱ्याने ओरडावयाचे ‘हू कम्स देअर’ हे आपल्या शिपायांच्या कानी ‘हुकुमदार’ असे पडले आणि तसेच ते ओरडू लागले. इंग्रजांच्या कानांचीही हीच गत होती. मोहरमच्या मिरवणुकीतील ‘या हसन, या हुसेन’ या आक्रोशाचे त्यांनी ‘हॉब्सन-जॉब्सन’ केले, आणि पुढे हेन्री यूल व आर्थर बर्नेल या दोघा विद्वानांनी १८८६ साली अँग्लो-इंडियन शब्दांचा जो थोर कोश प्रसिद्ध केला, त्याला हेच नाव दिले. या कोशाकडे आपल्याला लवकरच परत यावयाचे आहे.

इंग्रजी शिवी ऐकावयास माळव्याला फार दूर जावे लागत नव्हते. ६ जानेवारी १८१८ रोजी मंदसोरचा तह झाला आणि त्याच वर्षी सर जॉन माल्कमने महूची छावणी वसविली. धारेहून इंदूरकडे निघाले की उजव्या हाताला महू. त्याच वर्षाच्या डिसेंबरात देवासच्या दोन्ही पात्यांशी आणि १८१९ च्या जानेवारीत धारेशी इंग्रजांचे तह झाले. पवारांच्या निशाणामागून नर्मदा ओलांडून आलेल्या आमच्या पूर्वजांना तोवर माळव्यात येऊन तीन-चार पिढ्या लोटल्या होत्या. त्यांच्या शेजारी अशा रीतीने गोऱ्या पलटणी येऊन बसल्या. या छावणीत मराठी माणसेही भरपूर होती. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महूस झाला तो त्यांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ तेथील लष्करी शाळेत होते म्हणूनच. तेव्हा गोऱ्याची शिवी आणि मराठी कान यांची गाठ पडावयास महू ही अगदी योग्य जागा होती. देवासला जी इंग्रजी आली तिची जात निराळी. १९१२ च्या नाताळात आणि पुन्हा १९२१ साली ई. एम. फॉर्स्टर थोरल्या पातीच्या तुकोजीराव महाराजांकडे राहिला, दुसऱ्या खेपेस तर महाराजांचा खाजगी चिटणीस म्हणून. ती केंब्रिजची, हळू आवाजात बोलणारी इंग्रजी. डांबिस तिच्यापासून निघणे शक्य नाही.

आता मूळ मुद्द्याकडे येतो, आणि येथे आम्हांस थोडी कबुली द्यावयाची आहे. ‘डॅम’ या इंग्रजी शिवीविषयी आमच्या मंडळींत एक गोष्ट पूर्वापार प्रिय आहे. गणेशोत्सवातील व्याख्यानांतून, लग्नाच्या पंगतींतून, संक्रांतीच्या बैठकींतून ती आम्ही ऐकली आणि पुढे सांगितलीही. गोष्ट अशी: इंग्रज ‘आय डोंट केअर अ डॅम’ म्हणतो त्यातील ‘डॅम’ ही मुळी शिवीच नव्हे, तो आपला ‘दाम’ आहे. ‘मला दमडीची पर्वा नाही’ एवढाच त्याचा अर्थ. हिंदुस्थानात लढून गेलेल्या गोऱ्यांनी, विशेषतः असईच्या लढाईत (२३ सप्टेंबर १८०३) शिंदे-भोसल्यांशी झुंजलेल्या आर्थर वेलस्लीने, पुढच्या ड्यूक ऑफ वेलिंग्टनने, हा वाक्प्रयोग विलायतेस नेला. ऐकणाऱ्याची छाती भरून येते. राज्य गेले, किल्ले गेले, पण आपला दाम साहेबाच्या तोंडात राहिला!

ही गोष्ट आमच्या वडीलधाऱ्यांनी स्वतः रचलेली नाही. तिचा उगम याच हॉब्सन-जॉब्सन कोशात आहे. यूल आणि बर्नेल यांनी ‘दाम’ या शब्दाखाली अशी कल्पना मांडली की, इंग्लंडात असभ्य बोलणाऱ्यांच्या तोंडी जो वाक्प्रयोग येतो त्याचा हेतू पापी असेल, पण व्युत्पत्ती निष्पाप आहे. तो फक्त एका क्षुल्लक हिंदी नाण्याचा उल्लेख आहे. वेलिंग्टनचा संबंधही अगदी हवेतला नाही. मेकॉलेच्या १८४९ मधील एका पत्रात, ड्यूक म्हणतात तशी मला दोन पेनी किमतीच्या ‘डॅम’चीही पर्वा नाही, अशा आशयाचे वाक्य आहे. पेनीत मोजता येतो त्या अर्थी ते नाणेच असले पाहिजे, असा तर्क करण्यास येथे मोह होतो खरा.

मोह बाजूला ठेवून पाहू. प्रथम दाम.

दाम हा शब्द आपला म्हणून आपण मिरवितो, पण तोही परदेशी पाहुणाच आहे. ग्रीकांचे ‘द्राख्मे’ हे नाणे उत्तरेकडून हिंदुस्थानात आले. संस्कृतात त्याचे ‘द्रम्म’ झाले, प्राकृतात ‘दम्म’ आणि देशी भाषांत ‘दाम’. भास्कराचार्यांच्या लीलावतीत वीस वराटकांची एक काकिणी, चार काकिणींचा एक पण आणि सोळा पणांचा एक द्रम्म असे कोष्टक आहे. हा ग्रंथ इ. स. ११५० च्या सुमाराचा. परमारांच्या काळातील लेखांतही द्रम्म भेटतो. म्हणजे धारानगरी परमारांची राजधानी होती तेव्हापासून हा शब्द आमच्या वस्तीच्या ठिकाणी नांदत आहे. मराठी कान त्याला ‘दामदुप्पट’ या शब्दात रोज ऐकतो. मुद्दलाच्या दुपटीहून अधिक येणे सावकाराने एका वेळी मागू नये, असा तो धर्मशास्त्रातील जुना दंडक. ‘साम, दाम, दंड, भेद’ यातला दाम मात्र नंतर घुसलेला आहे. शास्त्रकारांचा शब्द ‘दान’ असा होता. व्यवहारी लोकांनी दानाचा दाम केला, यात नवल ते काय?

अकबराच्या कारकिर्दीत दाम हे तांब्याचे जाड नाणे होते आणि चाळीस दामांचा एक रुपया धरीत. राज्याचा महसूल दामांत लिहिला जाई. आईन-इ-अकबरीत माळवा सुभ्याचा आकार चोवीस कोटी सहा लक्ष पंचाण्णव हजार बावन्न दाम असा दिला आहे. चाळीसांनी भागिले की तो साठ लक्ष सतरा हजार रुपयांच्या वर जातो. म्हणजे उज्जैन, मांडू, सारंगपूर या साऱ्या मुलखाची किंमत एके काळी दामांत मोजली जात होती. त्या काळी कोणी ‘मला दामाची पर्वा नाही’ म्हणाला असता तर अंमलदाराने त्याला नीट पाहून घेतले असते.

पुढे या दामाची जी उतरंड झाली ती पाहण्यासारखी आहे. हिशेबासाठी अकबराच्या दामाचे पंचवीस जितल पाडीत. जितल हे नाणे नव्हते, नुसता कागदावरचा अंश होता. कालांतराने तांब्याच्या नाण्याला लोक पैसा म्हणू लागले आणि ‘दाम’ हे नाव घसरत घसरत त्या कागदी अंशाच्या जागी येऊन बसले. पंचवीस दामांचा एक पैसा, चौसष्ट पैशांचा एक रुपया. म्हणजे रुपयास सोळाशे दाम. चाळिसांचे सोळाशे झाले! सव्वासहा दामांचा ‘छदाम’, म्हणजे पाव पैसा. त्याची निम्मी ती ‘दमडी’. चमडी गेली तरी दमडी न सोडणारा चिक्कू मनुष्य वस्तुतः रुपयाच्या पाचशे बाराव्या हिश्शासाठी कातडे सोलून घेत असतो. आणि ज्या मुलाला काळाची दृष्ट लागू नये त्याचे नाव उत्तरेकडे छदामी किंवा दमडी ठेवीत, वऱ्हाडात कवडू ठेवीत. ज्याची किंमतच नाही त्याला मृत्यू कशाला उचलील, असा त्यातला भाबडा हिशेब.

आता ‘डॅम’. लॅटिनमध्ये ‘दाम्नुम’ म्हणजे नुकसान, तोटा, आणि त्यापोटी भरावा लागणारा दंड. दाम्नारे म्हणजे दोषी ठरविणे, शिक्षा फर्माविणे. याच धातूपासून निघालेला ‘डॅमेज’ आज आपल्या विमा कंपनीच्या कागदावर येतो. फ्रेंच भाषेच्या वाटेने हा शब्द इंग्लंडात उतरला आणि ख्रिस्ती धर्मोपदेशकांच्या हाती त्याला अत्यंत भयंकर अर्थ आला: ईश्वराने आत्म्यास कायमचे नरकात टाकणे. ‘कायमचे’ यावर भर द्यावयास हवा. आपल्याकडेही रौरव आहे, कुंभीपाक आहे, पण आपला नरक मुदतीचा असतो. भोग संपले की सुटका. म्हणून मराठीत ‘नरकात जा’ हे वाक्य कोणाच्या काळजाला घरे पाडीत नाही. ख्रिस्ती नरकातून सुटका नाही. तेव्हा सोळाव्या-सतराव्या शतकातील इंग्रजाने दुसऱ्याला उद्देशून हा शब्द उच्चारणे म्हणजे ईश्वराच्या न्यायासनावर स्वतः चढून बसणे होते.

तरी इंग्रज ते बिनदिक्कत उच्चारीत. शंभर वर्षांच्या युद्धात फ्रेंच लोक इंग्रज सैनिकांना ‘गोदों’ म्हणत, ते त्यांच्या तोंडच्या ‘गॉड डॅम’वरून असे मानले जाते. बोमार्शेच्या ‘फिगारोचे लग्न’ या १७८४ साली रंगभूमीवर आलेल्या नाटकात फिगारो फुशारकी मारतो की इंग्लंडात एवढा एक शब्द येत असला की कोठे काही अडत नाही. सरकारने उपाय म्हणून १७४५ चा शपथबंदीचा कायदा केला. त्यातील दर मोठे मौजेचे आहेत: मजूर, साधा शिपाई किंवा खलाशी याला एका अपशब्दास एक शिलिंग, त्याच्या वरच्या पण सद्गृहस्थाहून खालच्या माणसास दोन, सद्गृहस्थ व त्यावरील मंडळीस पाच. दुसऱ्या गुन्ह्यास दुप्पट, तिसऱ्यास तिप्पट. दाम्नुम म्हणजे दंड. तो शब्द उच्चारल्याबद्दल पुन्हा दंड. हा कायदा १९६७ पर्यंत इंग्लंडच्या कायदेपुस्तकात होता. महूच्या गोऱ्या शिपायांकडून दर शब्दास शिलिंग वसूल केला असता तर छावणीचा खर्च त्यातच भागला असता.

मग या दोन शब्दांची भेट झाली की नाही? आमचे उत्तर, मन घट्ट करून, नाही असे आहे. ऑलिव्हर गोल्डस्मिथच्या ‘सिटिझन ऑफ द वर्ल्ड’ या लेखमालेत, १७६० साली, ‘तीन डॅमांचीही पर्वा नाही’ अशा अर्थाचा प्रयोग आढळतो. गोल्डस्मिथ हिंदुस्थानात कधी आला नव्हता. प्लासीची लढाई होऊन तेव्हा तीन वर्षे झाली होती, आणि असईला लढणारा वेलस्ली अजून जन्मला नव्हता. तो जन्मला १७६९ साली. एवढ्या अवधीत बंगालच्या बाजारातील हिशेबी दाम लंडनच्या वर्तमानपत्री लेखकाच्या लेखणीत रुळला, हे मानणे कठीण आहे. शिवाय गोऱ्या शिपायाला जे नाणे हातात मिळे ते पैसा, आणा, रुपया. दाम तोवर वहीतला आकडा झाला होता. कोणी हाताळलेच नाही असे नाणे म्हणीत कसे शिरावे? इंग्रजीत नगण्य वस्तू म्हणून काडी, अंजीर, गुंडी यांची नावे घेत. त्याच रांगेत ‘एक शिव्याशापही नाही’ असे म्हणण्याची रीत होती. डॅम तेथे शिवी म्हणूनच आली, नाणे म्हणून नव्हे. वेलिंग्टनने तिला दोन पेनी किंमत लावली ती थट्टेने. थोरल्या ऑक्सफर्ड कोशाच्या संपादकांनीही यूलची कल्पना चतुर खरी, पण निराधार, असाच निकाल दिला.

आम्हांस हे लिहिताना वाईट वाटते, कारण ही गोष्ट आम्ही ज्यांच्या तोंडून ऐकली ती माणसे आदरणीय होती. त्यांना ती का आवडली हे मात्र आम्हांस समजते. यूलसाहेबाला आपल्या देशबांधवांच्या जिभेवरचा डाग धुवावयाचा होता; आमच्या वडिलांना, संस्थाने विलीन होऊन राजवाड्यांतून कचेऱ्या बसल्यावर, आपण जगाला काहीतरी दिले याचा पुरावा हवा होता. दोघांनाही एकाच खोट्या नाण्याने भागविले. पुढील व्याख्यानांत ही गोष्ट गोष्ट म्हणूनच सांगावी, एवढेच आमचे म्हणणे.

दामाप्रमाणेच ‘डॅम’चेही मोल उतरत गेले. अठराव्या-एकोणिसाव्या शतकातील कादंबऱ्यांत पहिले अक्षर, मग एक लांब रेघ, मग शेवटचे अक्षर छापीत, म्हणजे वाचणाऱ्याला सर्व कळे आणि छापणाऱ्याचे हात स्वच्छ राहत. अमेरिकनांनी त्याचे ‘डार्न’ केले. १९३९ साली ‘गॉन विथ द विंड’ या चित्रपटाच्या अखेरीस नायक हा शब्द स्पष्ट उच्चारतो. त्याबद्दल निर्मात्याला मोठा दंड झाला असे सांगतात, पण तीही दंतकथा. चित्रपट पडद्यावर येण्यापूर्वी काही आठवडे चित्रपटसंहितेतील नियमच सैल करण्यात आला होता. आज तो शब्द चहा सांडल्यावर उच्चारतात. (धार जिल्ह्यात आज ‘डॅम’ म्हटले की माणसाला फक्त सरदार सरोवर आठवते. निसरपूर-चिखलद्याकडच्या ज्यांची घरे त्या पाण्याखाली गेली त्यांच्यापाशी या शब्दाच्या सौम्यतेविषयी बोलू नये.)

रेघ मारून शिवी लपविण्याची ही विद्या आपल्याला परकी नाही. फरक इतकाच की इंग्रज मधली अक्षरे गिळतो आणि आपण आरंभीची. ‘तुझ्या आयला’ यातील पहिला तुकडा गिळून ‘च्यायला’ होते. आणखी गिळून ‘आयला’. ‘हात् तुझ्या’, ‘हात् तिच्या’ यांचे ‘हात्तिच्या’ होते, आणि मग ते इतके सोवळे होते की कीर्तनकारही उच्चारतो. कोकणातून आलेल्या घरांतील आजोबांचा ‘शिंच्या’ हा मूळचा ‘शिंदळीच्या’. त्याचा पूर्ण अर्थ ठाऊक असता तर ज्या नातवाला तो प्रेमाने उद्देशिला जाई त्याच्या आईने, म्हणजे स्वतःच्या सुनेने, सासऱ्याशी अबोलाच धरला असता.

पुरुषांच्या शिव्या आई-बहिणींवरून जातात. घरातील स्त्रियांना तो मार्ग बंद होता. म्हणून त्यांनी आपला निराळा साठा केला, आणि तो आमच्या मते कितीतरी सरस आहे. मेल्या, मुडद्या, काळतोंड्या, अवदसे, सटवे. ‘जळ्ळं मेलं ते लक्षण’, ‘तळपट होवो’, ‘मसणात जा’. इंग्रज नरकात धाडतो, आमच्या आज्या मसणात धाडीत. यात धर्मशास्त्र नाही, रोजचा अनुभव आहे. देवी, पटकी, प्लेग यांच्या काळात ज्या घरातून वर्षाकाठी एखादी तिरडी उठे, तेथे ‘मेल्या’ हा शब्द हलका कसा झाला असेल याचा विचार केला की अंगावर काटा येतो. पोटच्या पोराला ‘मेल्या, जेवायला ये’ म्हणणारी आई त्याला खरोखर काय म्हणत होती? दमडी आणि कवडू ही नावे ठेवणाऱ्या आईचाच तो हिशेब असावा: शब्दात एकदा मरून गेलेला मुलगा प्रत्यक्षात वाचावा.

शिवीत खरा जोर असावा लागे तेव्हा ती दगडात कोरीत. शिलाहारांच्या काळापासून कोकणात व देशावर ‘गद्धेगाळ’ सापडतात; वर चंद्र-सूर्य, मध्ये दानाचा लेख आणि खाली गाढवाचे अत्यंत अश्लील चित्र. जो हे दान मोडील त्याच्या आईची अशी विटंबना होवो, असा तो शाप. मुंबईत परळ येथे मिळालेल्या, शके ११०८ च्या अपरादित्याच्या लेखात मुख्य मजकूर संस्कृत आहे, पण अखेरचा शाप मराठीत आहे. हे कशासाठी केले असावे हे उघड आहे. दान देणाऱ्याला संस्कृत कळले तरी पुरे; दान मोडणाऱ्याला मात्र कळलेच पाहिजे. आपल्या भाषेचे जे जुने कोरीव नमुने आपण अभिमानाने दाखवितो त्यांत शिवीचा भाग लहान नाही, हे शाळेच्या पुस्तकांत सहसा सांगत नाहीत. ती शिवी कायदा होती, राजमुद्रेइतकी जड. आज शाळेतून उशिरा आलेल्या नातवाला ‘गाढवा’ म्हणताना आपल्या मनात फक्त लांब कान असतात.

आता पुन्हा डांबिस. या शब्दाच्या व्युत्पत्तीचीही देवासप्रमाणे थोरली आणि धाकटी पाती आहे. थोरल्या पातीचे म्हणणे वर दिलेच आहे: डॅम्ड बीस्ट. धाकटी पाती विचारते की मराठीत ‘डांबरट’ असाही एक शब्द आहे, अर्थ तोच, आरंभीची अक्षरे तीच. त्याची वाट कोणत्या साहेबाच्या तोंडून लावणार? खारट, तेलकट, मळकट या ओळीत तो नीट बसतो. त्याला महूस जाण्याची गरज नाही. डांबिस हा त्याचाच भाऊबंद असेल तर साहेबाची कथा आपण मागाहून त्याला चिकटविली असे होईल, जशी यूलने दामाला चिकटविली. उलट बाजूने, ‘इस’ हे शेपूट मराठी प्रत्ययांत सहज सापडत नाही, आणि तेथे ‘बीस्ट’ने आपले काम चोख बजावले आहे. आमचा कल अजून थोरल्या पातीकडे आहे. पण दामाच्या बाबतीत एकदा पोळल्यामुळे हा कल आम्ही पैज म्हणून लावणार नाही.

एवढे मात्र आम्ही स्वतः पाहिले आहे. आमच्या घराण्यांतील जी मुले आज इंदूर, पुणे, बंगळूर येथे आहेत, ती आपसांत हिंदीत किंवा इंग्रजीत बोलतात. ‘मेल्या’ त्यांना चमत्कारिक वाटतो, ‘शिंच्या’ ठाऊक नाही, ‘अवदसा’ त्यांनी कधी ऐकलेली नाही. ठेच लागली की तोंडून निघते ती थेट इंग्रजीच, आणि बहुधा हीच, डॅम. पण त्यांच्यातील एकाने दुसऱ्याचे मोबाईलमधील छायाचित्र गुपचूप साऱ्या कुटुंबाला पाठविले की उत्तर येते: “कितना डांबिस है यार तू!”

वाचकांस एक विनंती आहे. ज्यांच्या घरी आजोबा-पणजोबांच्या काळच्या मोडी जमाखर्चाच्या वह्या शिल्लक आहेत, त्यांनी त्यांतील पैशाखालचे रकाने कृपया पाहावेत आणि तेथे दाम, छदाम किंवा दमडी लिहिलेली आढळल्यास साल व परगणा नमूद करून त्या पानाची नक्कल मंडळाकडे पाठवावी. तसेच घरातील वृद्ध स्त्रियांच्या तोंडची अशी सौम्य शब्दसंपत्ती, कोणी कोणास व कोणत्या प्रसंगी उद्देशून वापरीत या तपशिलासह, लिहून धाडल्यास ती आम्ही पुढील अंकांतून क्रमाने छापू. मधली अक्षरे गाळण्याचे कारण नाही.